बसमार्ग पुनर्रचना

शहरातील बससेवेचे मार्ग, थांबे आणि दोन फेऱ्यांमधील अवधी यांची फेरआखणी करताना निरनिराळ्या पर्यायांची तुलना करून निवड करण्याच्या प्रक्रियेस बसमार्ग पुनर्रचना म्हणतात. नव्या गाड्यांची खरेदी हा त्यातला एक पर्याय असला, तरी बहुधा आहेत त्याच गाड्या कोठे व कशा धावाव्यात, हा खरा प्रश्न असतो.

तुलनेचा पाया साध्या हिशेबात आहे. एखाद्या मार्गावर जाऊन-येऊन, शेवटच्या थांब्यावरील विश्रांतीसह, 120 मिनिटे लागत असतील, तर 12 गाड्यांच्या बळावर दर 10 मिनिटांनी बस सोडता येते. त्याच गाड्या तेवढ्याच लांबीच्या तीन मार्गांवर वाटल्या, तर प्रत्येक मार्गावर अर्ध्या तासाने बस येते. वेळापत्रक न पाहता थांब्यावर येणाऱ्या प्रवाशाला या अवधीच्या सरासरी निम्मा वेळ, म्हणजे पहिल्या रचनेत 5 आणि दुसऱ्या रचनेत 15 मिनिटे थांबावे लागते. तासभर बस नाही आणि मग एकामागून एक तीन, असे झाले तर ही सरासरी आणखी बिघडते. घराजवळून थेट बस हवी, ही नागरिकांची रास्त मागणी पुरवत गेल्यास मार्ग वाढतात आणि सेवा विरळ होते. उलट मोजक्या मार्गांवर गाड्या एकवटल्या, तर वाटेत बस बदलावी लागते. ती कितपत खुपते, हे दुसरे तिकीट काढावे लागते की दैनिक पास चालतो आणि पुढचा थांबा रस्ता ओलांडून किती दूर आहे, यावर ठरते.

बार्सेलोनाने मोजक्या मार्गांवर गाड्या एकवटण्याचा पर्याय निवडला. तेथे 2012 ते 2018 या काळात टप्प्याटप्प्याने आडव्या, उभ्या आणि तिरप्या अशा 28 मार्गांचे जाळे उभारून प्रवाशांनी बस बदलणे गृहीतच धरले गेले.

मार्गाला हात न लावता वेग वाढवणे, हा तिसरा पर्याय. वरील उदाहरणात स्वतंत्र मार्गिकेमुळे फेरी 96 मिनिटांत झाली, तर त्याच 12 गाड्या दर 8 मिनिटांनी सुटतील. पुण्यात 2006 च्या डिसेंबरमध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर सुरू झालेला बीआरटीचा (बससाठी राखीव मार्गिकेवरील जलद सेवेचा) प्रयोग याच विचारातला होता. मात्र अशी मार्गिका सलग नसेल किंवा तिच्यात इतर वाहने शिरत असतील, तर वाचलेली मिनिटे पुढच्या चौकातच खर्ची पडतात.

मूल्यमापनात प्रतिकिलोमीटर उत्पन्नाला सहसा अवाजवी वजन दिले जाते. वस्तीपासून रेल्वे किंवा मेट्रो स्थानकापर्यंत जाणारा छोटा पूरक मार्ग स्वतः तोट्यात दिसतो, पण मोठ्या मार्गाचे प्रवासी तोच आणून देतो. मुंबईत उपनगरी रेल्वेस्थानकांपासून सुटणाऱ्या अनेक बेस्ट मार्गांचे मोल या एका आकड्यात दिसत नाही.

माहितीचा प्रश्न वेगळाच आहे. तिकीट यंत्रांतील नोंदींवरून प्रवासाचे टप्पे कळतात, पण पासधारक त्यातून निसटतात; आणि बसची वाट पाहून कंटाळलेला, अखेर दुचाकी घेतलेला माणूस तर थांब्यावरील मोजणीतही सापडत नाही. त्यामुळे घरोघरी जाऊन केलेल्या प्रवास-पाहणीची जोड नसेल, तर नवा आराखडा जुन्याच मार्गांवरील गर्दीची नक्कल ठरतो.