"तुझ्या गावचं लिही की!"

तालुक्याच्या गावी भरणाऱ्या लेखन शिबिरात चहाच्या सुट्टीच्या आत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "लांबचं कशाला शोधतोस? तुझ्या गावचं लिही की!" मी ते ऐकलंय, पुढे इतरांना ऐकवलंही आहे. देणाऱ्याला काही खर्च पडत नाही आणि घेणाऱ्याला मान डोलावण्यापलीकडे काही करावं लागत नाही. पण मराठीत हे वाक्य सहजासहजी रुळलेलं नाही. त्यासाठी भांडणं झाली, मासिकं निघाली, आणि काही वेळा एका लेखकाला दुसऱ्याच्या मागोमाग गल्लीबोळ हिंडावे लागले.

तसं पाहिलं तर जवळचं लिहिणं आपल्याकडे जुनंच. तेराव्या-चौदाव्या शतकात नामदेवांच्या भोवती जमलेल्या मेळ्यात प्रत्येकाने आपापला धंदा अभंगात आणला. सावता माळ्याला कांदा, मुळा, भाजीत विठाई दिसली. सेना न्हाव्याच्या अभंगात हजामत आली, जनाबाईच्या ओवीत जातं आलं. ही माणसं एकमेकांची नावं घेत, एकमेकांवर अभंग रचत. "तुझा मळा, तुझा वस्तरा हासुद्धा कवितेचा ऐवज आहे," हे त्यांनी उपदेश न करता एकमेकांना पटवलं होतं.

छापखाना आला आणि हे धागे सैल झाले. १८६१ सालची 'मुक्तामाला', १८६८ची 'मंजुघोषा' या सुरुवातीच्या कादंबऱ्या अद्भुतात रमणाऱ्या. वाचकांना त्या आवडत, आणि त्यात काही गुन्हा नाही. पण त्या वाचून महाराष्ट्रातल्या एखाद्या खेड्यात संध्याकाळी चूल कशी पेटते हे कुणाला कळलं नसतं.

मग १८८५ साल उजाडलं. मराठी ग्रंथकारांची पहिली सभा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७८ मध्ये पुण्यात भरवली होती. साहित्य संमेलनाची मोजणी आजही तिथूनच होते. १८८५ मध्ये दुसरी सभा ठरली तेव्हा जोतीराव फुल्यांनाही बोलावणं गेलं. ते गेले नाहीत. उलट त्यांनी जे पत्र पाठवलं, ते आजही संमेलनाच्या तोंडावर कुणी ना कुणी बाहेर काढतंच. ज्यांच्या हालअपेष्टांचा या ग्रंथकारांना पत्ता नाही, त्यांनी अशा सभेत येऊन करायचं काय, असा त्यांचा रोख होता. 'उंटावरून शेळ्या' वळणाऱ्या 'घालमोड्या दादां'ना त्यांनी त्यात चांगलंच झोडपलं आहे. आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी दोनच वर्षांपूर्वी लिहून काढला होता. त्यातलं कुणब्याच्या घराचं वर्णन वाचताना लेखक उंबरठ्यावर उभा राहून एकेक वस्तू मोजतोय असं वाटतं. पुढे १८८८ मध्ये सत्यशोधक चळवळीतले त्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर 'बळिबा पाटील' लिहू लागले. मराठी ग्रामीण कादंबरीचा माग काढणारे इथवर येऊन थांबतात.

त्याच १८८५ मध्ये, त्याच पुण्यात, हरी नारायण आपट्यांची 'मधली स्थिती' सुरू झाली. गंमत अशी की तिचा साचा लंडनच्या रहस्यांवर लिहिणाऱ्या एका इंग्रज कादंबरीकाराकडून आलेला. म्हणजे घराजवळची वाट आधी विलायतेला वळसा घालून आली. पण हरिभाऊ तिथे अडकले नाहीत. १८९० मध्ये 'करमणूक' काढल्यावर सामाजिक कादंबऱ्यांना त्यांनी मथळा दिला 'आजकालच्या गोष्टी'. राजा नाही, राक्षस नाही, आजकालच्या, तुमच्याआमच्या. 'पण लक्षात कोण घेतो?' याच मथळ्याखाली आली. काशीबाई कानिटकरांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. दोघं एकमेकांचं लिखाण वाचत, मतं कळवत. सोप्यावर बसणाऱ्या पुरुषाला माजघरातलं किती दिसणार? त्या काळात लिहित्या बाईशी अशी लेखक म्हणून बरोबरी ठेवणं हे माझ्या मते मथळ्याइतकंच महत्त्वाचं.

पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ जमलं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमा आणि श्री. बा. रानडे वगैरे मंडळी रविवारी चहा घ्यायची आणि कविता वाचायची, म्हणून 'सन-टी क्लब' असं नावही पडलं. चारचौघांत कविता म्हणून दाखवण्याची सवय त्यांनी लावली, हे त्यांचं देणं. याच सुमाराला जानपद गीतांचीही लाट आली. त्यातल्या बऱ्याच गाण्यांत शेतकरी गातो खूप, घामेजतो कमी. शहरातल्या खिडकीतून दिसणारं खेडं ते.

तो पडदा वर गेला १९४९ मध्ये, 'माणदेशी माणसं' आलं तेव्हा. व्यंकटेश माडगूळकर तेव्हा बावीस वर्षांचे. बेचाळीसच्या चळवळीत शाळा सुटलेली, गाव आटपाडीजवळचं माडगूळ, मुलूख दुष्काळी. लेख आधी 'मौज'मध्ये आले आणि मग पुस्तक झालं. त्यातला पहिलाच 'धर्मा रामोशी' आठवा. म्हाताऱ्याला हवं असतं एक जुनं धोतर. ते मिळतं, आणि पुढे ते दिसतं लेकीच्या अंगावर. लेखक रडत नाही, भाषण देत नाही, काय दिसलं तेवढं सांगून उठतो. रामा मैलकुली, शिवा माळी, मुलाण्याचा बकस ही त्या मुलखात रोज भेटणारी माणसं. ती 'पात्रं' होऊ शकतात याचा पुरावा एकदा छापून आला आणि कितीतरी गावांतल्या मुलांना आपल्या आळीतले म्हातारे वेगळे दिसू लागले. मी स्वतः ते पुस्तक वाचून झाल्यावर आमच्या आळीतल्या एका लोहाराकडे आठवडाभर जाऊन बसलो होतो. त्याने शेवटी वैतागून भाता ओढायला लावलं.

पुढे माडगूळकर पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांत रमले. पट्टणकोडोलीचे शंकर पाटीलही आकाशवाणीत होते. द. मा. मिरासदारांना घेऊन तिघांनी गावोगाव कथाकथन केलं. मंचावरून आपलीच बोली ऐकताना लोक खदखदून हसत. इथे माझी एक कुरकुर आहे. हसण्याची सवय लागली आणि बऱ्याच नक्कलकारांनी 'ग्रामीण' म्हणजे विनोदी, इरसाल, बेरकी एवढाच धडा घेतला. 'माणदेशी माणसं'मधलं धोतर त्यांच्या हाती लागलंच नाही. वऱ्हाडात उद्धव शेळक्यांनी १९६० मध्ये 'धग' लिहिली. त्यातल्या कौतिकचं वऱ्हाडी बोलणं ऐकून कुणाला हसू फुटत नाही.

औरंगाबादची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण एकमेकांना लिहितं करणं तिथे जवळजवळ संस्थेसारखं चाललं. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये काढलेलं मिलिंद महाविद्यालय नागसेनवनात आहे. घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात आलेली मुलं तिथे शिकत. म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे असे प्राध्यापक त्यांना मिळाले. आधी 'अस्मिता' आणि लगेच 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं त्रैमासिक निघालं, आणि पानतावणे २०१८ मध्ये जाईपर्यंत त्याच्याशी बांधलेले राहिले. 'अस्मितादर्श'चे लेखक-वाचक मेळावेही भरत. मेळाव्याच्या नावातली ती आडवी रेघ मला फार बोलकी वाटते: आज वाचक म्हणून आलेला पुढच्या खेपेला लेखक म्हणून उभा राहायचा. इंग्रजीचे प्राध्यापक प्र. ई. सोनकांबळ्यांच्या आठवणी आधी याच वर्तुळातल्या नियतकालिकांतून तुकड्यातुकड्यांनी आल्या, मग १९७९ मध्ये 'आठवणींचे पक्षी' झालं. इथे 'जवळचं लिही' या सल्ल्याचा अर्थ बदलला. माडगूळकरांनी गावाकडे पाहिलं होतं. इथे ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवलं, तो गावाकडे पाहत होता.

शहरातही तेच झालं. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला, मुंबईतल्या वेश्यावस्तीच्या नावाचा. त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर तेव्हा नाव झालेले नाटककार, ढसाळ विशीतले. कवितेतले कितीतरी शब्द कळत नाहीत म्हणून ज्येष्ठाने कनिष्ठाला अर्थ विचारले, त्याच्याबरोबर तो भाग पाहिला. मराठी लेखकाला मराठी कवितेसाठी वाटाड्या घ्यावा लागला! वडीलकीने पाठ थोपटण्यापेक्षा हे असं विचारणं मला मोठं वाटतं.

भालचंद्र नेमाड्यांचं वेगळंच. मुंबई-पुणे करून ते खानदेशात सांगवीला घरी परतलेले. पुण्याचे प्रकाशक रा. ज. देशमुख मागे लागले, आणि १९६३ मध्ये 'कोसला' अवघ्या काही दिवसांत लिहून झाली. साहित्य आपल्याच मातीतून उगवावं या देशीवादाची मांडणी त्यांनी नंतर केली. आधी घरी बसून कादंबरी झाली होती, हे वाद घालताना विसरलं जातं.

दया पवारांचं आत्मकथन 'बलुतं' १९७८ मध्ये 'ग्रंथाली'ने काढलं. त्यात दया पवार आणि दगडू मारुती पवार समोरासमोर बसतात. एक सांगतो, दुसरा ऐकतो. माणूस एकच. ऐकणारा कुणी नसेल तर स्वतःलाच समोर बसवायचं.

आणि ज्यांना समोर बसवायला तेही नव्हतं, त्या बेबी कांबळे. फलटणला त्यांचं छोटं किराणा दुकान. माल बांधायला येणारी रद्दी त्या वाचत आणि दुकान सांभाळता सांभाळता वह्या भरत. नवऱ्याच्या, घरच्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्या वह्या लपवत. असं कैक वर्षं चाललं. फलटणलाच स्थायिक झालेल्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्याशी ओळख झाली आणि बोलता बोलता त्या वह्यांचा विषय निघाला. हे छापलंच पाहिजे, असा बर्नसन यांनी आग्रह धरला. 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं, १९८६ मध्ये पुस्तक झालं. त्या मासिकाचे जुने अंकही पुढे कुठल्या ना कुठल्या दुकानात रद्दीत गेले असतील, त्यात कुणी डाळ बांधून दिली असेल.