संक्षुब्ध प्रवाहातील कणगतीचे प्रतिरूपण

ढगातले थेंब, वाऱ्यावरची धूळ, नदीतला गाळ, इंजिनात फवारलेले इंधन हे सगळे लहानमोठ्या भोवऱ्यांनी भरलेल्या, म्हणजेच संक्षुब्ध, प्रवाहातून वाट काढत असतात. असा प्रवाह संगणकावर उभा करायचा, त्यात लाखो कण सोडायचे आणि प्रत्येकाचा मार्ग क्षणाक्षणाने काढायचा, ही या विषयातली मुख्य पद्धत. कण प्रवाहाबरोबर जातातच असे नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

कणाला जडत्व असते. भोवताली वारा वळला तरी त्याला वळायला थोडा वेळ लागतो. 10 मायक्रोमीटर त्रिज्येच्या पाण्याच्या थेंबासाठी हवेत हा प्रतिसादकाल सुमारे 1.2 मिलिसेकंद असतो. त्रिज्या दुप्पट केली की तो चौपट होतो. प्रतिसादकालाला सर्वांत लहान भोवऱ्यांच्या कालमानाने भागले की स्टोक्स अंक मिळतो. तो शून्याजवळ असेल तर कण प्रवाहाची वाट इमानाने धरतो. फार मोठा असेल तर लहान भोवरे त्याला हलवू शकत नाहीत. अंक 1 च्या आसपास असला की जड कण भोवऱ्यांतून बाहेर फेकले जातात आणि भोवऱ्यांमधल्या पट्ट्यांत दाटी करतात. हलके बुडबुडे याच्या उलट भोवऱ्याच्या गाभ्यात शिरतात. म्हणजे प्रवाह कणांना एकसारखे मिसळतो ही समजूत अपुरी आहे. तो त्यांना वेचून एकत्रही आणतो. मॅक्सी यांनी 1987 मध्ये ही यंत्रणा सिद्धांतातून मांडली, तर स्क्वायर्स आणि ईटन यांनी 1991 मध्ये ती संगणकीय प्रवाहात दाखवली.

कणावरच्या बलांचे समीकरण मॅक्सी आणि रायली यांनी 1983 मध्ये दिले. त्यात स्टोक्सचा रोध (भोवतालच्या हवेच्या किंवा पाण्याच्या चिकटपणामुळे होणारा अडथळा), वजन व उत्प्लावन, भोवतालच्या प्रवाहाच्या त्वरणामुळे येणारे बल, कणाबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेचे किंवा पाण्याचे वस्तुमान आणि कणाच्या मागच्या साऱ्या हालचालींची आठवण ठेवणारे बॅसे यांचे पद असते. हे शेवटचे पद मोजायला फार महाग पडते. हवेतल्या थेंबांसाठी बहुतेक वेळा रोध आणि वजन एवढेच ठेवले तरी भागते, कारण पाणी हवेपेक्षा जवळजवळ हजारपट घन असते. पाण्यातल्या वाळूला किंवा बुडबुड्यांना मात्र ही सवलत नाही.

प्रवाहाची बाजूही सोपी नाही. प्रवाहाची गती सांगणारी नेव्हिअर–स्टोक्स समीकरणे कोणतेही प्रारूप न लावता, अगदी लहान भोवऱ्यापर्यंत सोडवणे म्हणजे डीएनएस (डायरेक्ट न्युमेरिकल सिम्युलेशन). ओर्झॅग आणि पॅटरसन यांनी 1972 मध्ये प्रत्येक दिशेला 32 बिंदूंच्या जाळीवर याची सुरुवात केली; 2002 मध्ये जपानच्या अर्थ सिम्युलेटर या महासंगणकावर हाच आकडा 4096 वर गेला. कण जाळीच्या बिंदूवर क्वचितच असतो, म्हणून दर पावलाला आसपासच्या बिंदूंवरच्या वेगांतून त्याच्या जागेचा वेग काढावा लागतो. हे काम ओबडधोबड केले तर लहान भोवरे पुसट होतात आणि कणाच्या त्वरणात चूक शिरते. वरवर किरकोळ दिसणाऱ्या या पायरीकडे दुर्लक्ष करणे परवडत नाही.

कण दाट झाले की ते प्रवाहालाही ढकलतात, आणखी दाट झाले की एकमेकांवर आदळतात. आकारमानातला कणांचा वाटा साधारण दहालाखांश ओलांडला की पहिला परिणाम आणि हजारांश ओलांडला की दुसरा धरावा लागतो. इथे एक अडचण येते: रोधाच्या सूत्राला कण नसता तर तिथे असता तो वेग हवा असतो, पण जाळीवरचा वेग कणाने आधीच बिघडवलेला असतो. त्याची दुरुस्ती न करता काढलेल्या निष्कर्षांवर विसंबू नये.

ढगांच्या अभ्यासात या पद्धतीचा कस लागतो. बाष्प साचून थेंब साधारण 15 मायक्रोमीटर त्रिज्येपर्यंत वाढतो. पुढे टकरींशिवाय पाऊस लवकर पडत नाही. दाटीमुळे आणि थेंबांच्या बदललेल्या सापेक्ष वेगांमुळे टकरी किती वाढतात, हे डीएनएसमधून मोजता येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतही (आयआयटीएम) ढगांतल्या थेंबांवर अशी सिम्युलेशन्स केली जातात. 2009 पासून याच संस्थेने कायपीक्स मोहिमेत विमानातून ढगांची मोजमापे घेतली आहेत. ढगातला सर्वांत लहान भोवरा मिलिमीटरच्या घरातला असल्याने हजार बिंदूंची जाळी जेमतेम मीटरभर हवा व्यापते, तर ढग काही किलोमीटरचा असतो. त्यामुळे पूर्ण ढगासाठी मोठे भोवरे तेवढे सोडवणारी एलईएस (लार्ज एडी सिम्युलेशन) ही पद्धत वापरतात आणि गाळलेल्या लहान भोवऱ्यांचा कणांवरचा परिणाम यादृच्छिक प्रारूपाने घालतात. अशी प्रारूपे पारखायला डीएनएसमधले कणांचे मार्गच वापरले जातात.