बुडबुडा टिकवायचा कसा, आणि मग फोडायचा कसा

सोनोग्राफीत हवा म्हणजे डोकेदुखी, म्हणून तर आधी तो गारेगार जेल चोपडतात. मग हवा मुद्दाम रक्तात सोडायचं कोणाला सुचलं असेल? तर सुचलं नाही, दिसलं. 1968 मध्ये अमेरिकेत रोचेस्टरला रेमंड ग्रामियाक आणि प्रवीण शहा (हो, नाव आपल्याकडचंच) हृदयाचा इको करत होते, कॅथेटरमधून (शिरेतल्या बारीक नळीतून) इंडोसायनिन ग्रीन हा रंग सोडला की पडद्यावर ढग उठायचा. तो रंगाचा नव्हता, इंजेक्शनच्या जोराने झालेल्या बारीक बुडबुड्यांचा होता, हे मागाहून उलगडलं.

त्यातूनच आलेली बबल स्टडी आजही चालते. दोन सिरिंजा, मध्ये थ्री-वे (तीन तोंडांची जोडणी), 9 मिली सलाईन, 1 मिली हवा आणि इकडून तिकडे खळाखळा. शिरेतून दिलं की हृदयाची उजवी बाजू पांढरी होते, पुढे फुप्फुसात सगळे बुडबुडे गाळले जातात. डावीकडे दिसलेच तर कुठेतरी आडवाट आहे, बऱ्याचदा हृदयाच्या उजव्या-डाव्या बाजूंमधल्या पडद्याला भोक.

पण डावं हृदय किंवा लिव्हर बघायचं तर बुडबुडा तांबड्या पेशीहून लहान हवा, आणि गोची तिथेच आहे, जितका लहान तितका पृष्ठताणाने आतला दाब जास्त, हवा रक्तात विरघळून बघता बघता गायब. एपस्टाइन आणि प्लेसेटनी हे गणित 1950 लाच मांडून ठेवलेलं. मग अल्ब्युमिन या प्रथिनाचं कवच घातलं, 1994 ला अशा अल्ब्युनेक्सला एफडीएची (अमेरिकेतल्या औषध नियामकाची) परवानगी मिळाली, पण आत हवाच, त्यामुळे फार टिकेना. पुढे हवेऐवजी रक्तात सहज न विरघळणारे जड गॅस भरले आणि 2001 मध्ये लिपिडच्या, म्हणजे स्निग्ध रेणूंच्या, कवचाचे बुडबुडे आले, अमेरिकेत डेफिनिटी, युरोपात सोनोव्ह्यू. कवच म्हणजे लिपिडच्या रेणूंचा एकच थर, म्हणून बुडबुडा अल्ट्रासाऊंडच्या तालावर मस्त फुगतो-आकसतो. डेफिनिटीची कुपी मशीनमध्ये 45 सेकंद हलवली की पाण्यासारखं द्रव दुधाळ होतं, अगदी घुसळल्यासारखं. नंतर गॅस श्वासावाटे बाहेर, किडनीला त्रास नाही.

 

इतक्या खटाटोपाने टिकवलेला बुडबुडा आता हवा तिथेच फोडायचा किंवा नुसता हलवायचा, ही पुढची गंमत. 2001 मध्ये बॉस्टनला हायनिनेन आणि मंडळींनी सशाच्या मेंदूवर अल्ट्रासाऊंड एकवटून, बुडबुडे थरथरवून तिथल्या रक्तवाहिन्यांची, एरवी औषधाला मेंदूत न सोडणारी, बंद दारं थोडा वेळ उघडली, तेही नंतर मिटतील अशी. 2015 ला टोरांटोच्या सनीब्रुक हॉस्पिटलमध्ये हेच पेशंटवर करून ट्युमरपाशी केमोचं औषध पोचवलं.

बातम्यांत मात्र ‘औषधाने भरलेले बुडबुडे’ असं छापून येतं, ते जरा जास्तच होतं. या दोन्हीत बुडबुडा रिकामाच होता, त्याने फक्त दार उघडलं. खरंच भरायचं म्हटलं तर आत गॅस आणि कवच एका रेणूइतकं, औषध ठेवणार कुठे? म्हणून लॅबमध्ये बुडबुड्याच्या अंगाला बाहेरून औषधाच्या लिपोसोमच्या पिशव्या लटकवून बघतात.