चित्रातलं मडकं आणि मडक्यातला रंग

बेळगावात टिळकवाडीला माझ्या मैत्रिणीच्या घरी तिनंच काढलेलं एक जलरंगातलं चित्र आहे. लग्नघरची मडक्यांची उतरंड, लाल अंगावर चुन्याची वेल आणि ठिपके. माझं फार आवडतं चित्र आहे ते.

जवळ जाऊन पाहिलं तर वेलीला रंगच नाही. तो कोरा कागद आहे! जलरंग पारदर्शक असतो. उजेड त्यातून आरपार जातो, कागदावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. त्यामुळे पांढरं हवं तिथं कागद राखावा लागतो. कुंभारवाड्यात आधी लाल मडकं, मग त्यावर चुना. इथं सगळं उलट, वेल सोडून भोवतीनं लाल भरत जायचं. हात किती सावध लागत असेल!

लाल रंगाच्या कडेला गडद रेघ दिसते. थेंबाची कड कागदाला धरून बसते आणि तिथलं पाणी आधी उडतं. ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि रंगाचे कण सोबत नेतं. चहाच्या डागाची कड याच कारणानं काळी पडते.

अंगाला तिनं बर्न्ट सिएना वापरलाय. इटलीतल्या सिएनाची पिवळसर माती भाजून हा रंग करत आले. त्या मातीतल्या लोखंडाच्या संयुगात पाणी बांधलेलं असतं. साधारण 300 अंशांच्या आसपास ते निघून जातं आणि लाल हेमॅटाइट उरतं. खानापूरच्या कुंभाराच्या आव्यातही हेच घडतं. म्हणजे मडक्याची लाली आणि चित्रातली लाली एकाच लोखंडाची.

एका गोष्टीवर मात्र मी अडले होते. सगळ्यात खालच्या मडक्यावरची वेल बुडाशी पुसट, करडी आहे. मला ती चूक वाटली. मैत्रिणीनं मागच्या सोप्यात नेऊन पाणी भरलेलं खरं मडकं दाखवलं. पाझरून ओलं झालेल्या भागात चुन्याची वेल तशीच विझलेली. चुन्याच्या कणांमधल्या हवेमुळे उजेड विखुरतो, म्हणून तो पांढरा दिसतो. हवेच्या जागी पाणी शिरलं की विखुरणं कमी होतं आणि खालचा लाल वर येतो.

मडकं रिकामं करून आम्ही उन्हात ठेवलं. दुपारपर्यंत वेल पुन्हा पांढरीशुभ्र झाली होती.