पाळणाघराचा परवाना आणि दर्जाचे मानांकन: फरक काय आणि आधी काय पाहावे

पाळणाघराच्या दर्शनी भिंतीवर पुष्कळदा दोन कागद चौकटीत शेजारी शेजारी लावलेले असतात. एक असतो पाळणाघर चालवण्याचा परवाना आणि दुसरे असते दर्जाचे मानांकन. दोन्हींवर शिक्का असतो, दोन्हींवर मुदत असते, आणि कामावर रुजू होण्याची तारीख डोक्यावर असलेले पालक दोन्हींचा अर्थ एकच घेतात की हे ठिकाण चांगले आहे. प्रत्यक्षात हे कागद दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. मध्यम आकाराच्या शहरात जिथे पर्याय मोजकेच असतात, तिथे कोणता कागद आधी वाचायचा आणि कोणत्यावर किती भिस्त ठेवायची हे कळले, तर निवड बरीच सुकर होते.

परवाना म्हणजे मुले सांभाळण्याची कायदेशीर परवानगी. ती शासकीय यंत्रणा देते, ती बंधनकारक असते आणि नियम मोडल्यास काढूनही घेतली जाते. परवाना देताना प्रत्येक मुलामागे किती जागा आहे, बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे आहेत का, आगीपासून संरक्षणाची सोय आहे का, कर्मचाऱ्यांची पूर्वचारित्र्य पडताळणी झाली आहे का, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणी घेतले आहे आणि किती मुलांमागे किती मोठी माणसे हजर असतात, या गोष्टी पाहिल्या जातात. थोडक्यात, यापेक्षा खाली चालणार नाही अशी मर्यादा परवाना आखून देतो. त्या मर्यादेच्या वर पाळणाघर किती चांगले आहे, याविषयी तो काही सांगत नाही.

मानांकनाचा रोख नेमका या वरच्या भागावर असतो. मुलांशी बोलणे कसे आहे, खेळ आणि शिकणे यांची आखणी कशी केली आहे, पालकांना कितपत सामावून घेतले जाते, कर्मचारी टिकतात का, अशा बाबी त्यात तपासल्या जातात. अमेरिकेत लहान मुलांच्या शिक्षणासाठी काम करणारी ‘नॅशनल असोसिएशन फॉर द एज्युकेशन ऑफ यंग चिल्ड्रेन’ ही व्यावसायिक संघटना १९८५ पासून असे मानांकन देत आली आहे. त्यासाठी पाळणाघर स्वतःहून अर्ज करते, शुल्क भरते, आधी स्वतःचे परीक्षण करते आणि मग बाहेरचे परीक्षक येऊन पाहणी करतात. हे सगळे ऐच्छिक असल्यामुळे मानांकन नसणे हा दोष ठरत नाही. चार-पाच माणसांच्या बळावर चालणाऱ्या एखाद्या उत्तम पाळणाघराला त्या कागदपत्रांसाठी वेळ आणि पैसा काढणे परवडत नसेल, ही शक्यता पालकांनी मनात ठेवायला हवी.

मात्र परवाना सरकारी आणि मानांकन खासगी, अशी सरळ वाटणी सगळीकडे लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय गुणवत्ता चौकटीत मान्यता आणि श्रेणी या दोन्ही शासकीय यंत्रणाच देतात. तिथे ७ गुणवत्ता क्षेत्रांत पाळणाघराचे मूल्यमापन होते, आणि अपेक्षित पातळी अजून न गाठलेली पाळणाघरेही कायदेशीरपणे सुरू असतात. म्हणून कागद कोणी दिला, यापेक्षा तो ‘चालवण्याची मुभा आहे का’ या प्रश्नाचे उत्तर देतो की ‘काम कसे चालले आहे’ या प्रश्नाचे, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

परवान्यातली किमान मर्यादा देशोदेशी किती वेगळी असते, हे मुलांच्या आणि सांभाळणाऱ्यांच्या प्रमाणावरून स्पष्ट होते. २ वर्षांखालील मुलांसाठी इंग्लंडमध्ये ३ मुलांमागे १ मोठी व्यक्ती असावी लागते, तर ऑस्ट्रेलियात ४ मुलांमागे १. इंग्लंडमध्ये २ वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण सप्टेंबर २०२३ पर्यंत ४ मुलांमागे १ असे होते. त्यानंतर ते ५ मुलांमागे १ असे करण्यात आले, आणि आदल्या दिवशी जी व्यवस्था नियमबाह्य ठरली असती ती दुसऱ्या दिवशी नियमात बसली. त्या वयाच्या मुलांना लागणारे लक्ष मात्र या बदलामुळे तसूभरही कमी झाले नाही. म्हणूनच ‘आम्ही सगळे नियम पाळतो’ हे उत्तर समाधानकारक मानू नये. प्रत्यक्षात किती जण हजर असतात, हे आकड्यानिशी विचारावे आणि सकाळची पहिली वेळ, संध्याकाळची शेवटची वेळ व कर्मचाऱ्यांच्या जेवणाची सुट्टी यांबाबत स्वतंत्रपणे विचारावे. या तीन वेळांना गट एकत्र केले जातात आणि कागदावरचे प्रमाण ढळण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत जास्त असते.

शोधाची सुरुवात परवान्यापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे परवानाधारकांची यादी असते, आणि तिच्यात कधीही जाहिरात न करणारी, घरगुती स्वरूपात मोजकी मुले सांभाळणारी ठिकाणेही सापडतात. मध्यम आकाराच्या शहरात तान्ह्या मुलांसाठीच्या जागा सर्वांत आधी भरतात, कारण त्यांच्यामागे माणसे जास्त लागतात. त्यामुळे यादीतल्या एकाच ठिकाणावर अवलंबून न राहता, तीन-चार ठिकाणी लवकर नाव नोंदवून ठेवणे शहाणपणाचे असते. मानांकित ठिकाणांपासून शोध सुरू केला, तर अशा शहरात यादी दोन-तीन नावांतच संपते आणि चांगली, पण मानांकन न घेतलेली पाळणाघरे नजरेआड राहतात.

परवाना हातात घेऊन वाचावा. त्यावरचे नाव आणि पत्ता समोरच्या जागेशी जुळतो का, मुदत संपलेली नाही ना, एकूण किती मुलांची आणि कोणत्या वयाची परवानगी आहे, आणि काही अट घातलेली आहे का, हे सगळे त्यात असते. ३ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी दिलेल्या परवान्यावर ८ महिन्यांचे बाळ सांभाळले जात असेल, तर त्या बाळापुरता तो परवाना नसल्यातच जमा आहे. व्यवसायाची साधी नोंदणी किंवा कर भरल्याची पावती हाही परवाना नव्हे, मग ती कितीही सुबक चौकटीत लावलेली असो. काही ठिकाणी थोडीच मुले सांभाळणाऱ्यांना कायद्याने परवान्यातून सूट दिलेली असते. अशी सूट म्हणजे तिथे तपासणी होऊन गेली आहे असे नव्हे, उलट तिथे नियमित तपासणी होत नसण्याचीच शक्यता अधिक असते.

परवान्यापेक्षाही मोलाचा असतो त्यामागचा तपासणी अहवाल. अमेरिकेत २०१४ साली सुधारलेल्या केंद्रीय कायद्याने, सरकारी साहाय्यावरची मुले घेणाऱ्या परवानाधारक ठिकाणांची वर्षातून किमान एकदा पूर्वसूचनेशिवाय तपासणी करणे आणि तिचे निष्कर्ष लोकांना पाहता येतील असे संकेतस्थळावर ठेवणे राज्यांना बंधनकारक केले. जिथे असे अहवाल उघडपणे मिळत नाहीत, तिथे ते पाळणाघराकडेच मागावेत. अहवालात एकही त्रुटी नसावी असा आग्रह धरू नये. एका मुलाच्या लसीकरणाची नोंद अपुरी असणे आणि एक मूल खेळाच्या अंगणात एकटे राहिलेले आढळणे, या दोन त्रुटी एकाच पानावर एकाखाली एक लिहिलेल्या असल्या, तरी त्यांचे वजन सारखे नसते. पाहायचे ते असे, की गंभीर त्रुटी कोणती होती, ती किती दिवसांत दुरुस्त झाली आणि पुढच्या तपासणीत तीच पुन्हा आढळली का. पुन्हा पुन्हा आढळणारी देखरेखीची त्रुटी असेल, तर मानांकन कितीही वरचे असले तरी मी ते ठिकाण सोडून देण्याचाच सल्ला देईन.

मानांकनाच्या बाबतीत ते कोणत्या संस्थेने दिले, कोणत्या साली दिले आणि देताना कोणी प्रत्यक्ष येऊन पाहणी केली का, हे विचारावे. केवळ सभासदत्वाचे शुल्क भरून मिळणारे प्रमाणपत्र आणि परीक्षकांच्या पाहणीनंतर मिळालेले मानांकन, दोन्ही माहितीपत्रकावर सारखीच दिसतात. शिवाय ज्या कर्मचाऱ्यांच्या कामावर मानांकन मिळाले, त्यांपैकी आज किती जण तिथे आहेत, याचे उत्तर त्या प्रमाणपत्रात नसते.

दोन्ही कागद पाहून झाले, तरी बाळांच्या झोपण्याच्या खोलीत जाऊन यावे, आणि तेही मुले झोपलेली असताना. वर्षाखालील प्रत्येक बाळ पाठीवर झोपवलेले आहे का, गादी घट्ट आणि सपाट आहे का, बिछान्यात उशी, सैल पांघरूण किंवा मऊ खेळणी नाहीत ना, आणि खोलीत बाळांकडे पाहणारी जागी व्यक्ती आहे का, हे पाच मिनिटांत कळते. बाळांना पाठीवर झोपवावे, ही शिफारस अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ पासून केलेली आहे, आणि त्यानंतर झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचे प्रमाण तिथे मोठ्या प्रमाणात घटले. ही गोष्ट माहीत नसणाऱ्या किंवा ‘आमच्याकडे बाळे पालथीच शांत झोपतात’ असे सांगणाऱ्या ठिकाणी पुढची चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

प्रवेश घेतल्यानंतरही चौकशी थांबवू नये. जागा बदलली, मालकी बदलली किंवा नव्या वयोगटाची मुले घेण्यास सुरुवात झाली, तर जुना परवाना त्या बदलाला लागू होतोच असे नाही. असा बदल कानावर आला, की परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे त्याच आठवड्यात विचारणा करावी आणि मानांकन नव्या व्यवस्थापनालाही लागू राहते का, हे ते देणाऱ्या संस्थेकडून लेखी मागून घ्यावे.