प्रक्षालक चूर्णातील सिलिका

धुण्याची पावडर सुटी व ओघवती राहावी, तिच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून तीत मिसळले जाणारे अस्फटिकी सिलिकॉन डाय-ऑक्साइडाचे अतिसूक्ष्म चूर्ण. नुसती पावडर मोकळी ठेवायची असेल, तर वजनाच्या सुमारे ०.५ ते २ टक्के सिलिका पुरते. द्रवरूप घटक शोषून धरायचे असतील, तर प्रमाण बरेच वाढते. उद्योगात तिला कामानुसार ‘फ्लो एड’, ‘अँटिकेकिंग एजंट’ किंवा ‘कॅरिअर’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत प्रवाहसाहाय्यक, गुठळीरोधक व वाहक हे शब्द वापरले आहेत.

सिलिका आणि सिलिकेट यांत गल्लत होऊ नये. १९०७ साली जर्मनीत बाजारात आलेल्या ‘पर्सिल’ या पावडरीचे नाव परबोरेट (कपडे उजळवणारा विरंजक) व सिलिकेट या दोन घटकांवरून पडले. त्यातले सिलिकेट म्हणजे सोडियम सिलिकेट (जलकाच). ते पाण्यात विरघळते, पाण्याला अल्कधर्मी करते आणि यंत्राचे धातूचे भाग गंजण्यापासून वाचवते. पावडर मोकळी ठेवणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. म्हणून सिलिकेटयुक्त पावडरींचा इतिहास हा प्रवाहसाहाय्यक सिलिकेचा इतिहास मानता येत नाही, जरी आज वापरली जाणारी बहुतेक सिलिका सोडियम सिलिकेटापासूनच तयार होत असली तरी.

या कामासाठी दोन प्रकारची सिलिका प्रचारात आहे. सोडियम सिलिकेटाच्या द्रावणात सल्फ्यूरिक आम्ल सोडून सिलिकेचा साका पाडतात. तो गाळून, धुऊन, वाळवून दळला की अवक्षेपित सिलिका मिळते. ती स्वस्त असल्याने प्रक्षालकांत मुख्यतः तीच जाते. दुसरी ज्वालाजन्य सिलिका. हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या ज्योतीत सिलिकॉन टेट्राक्लोराइडाची वाफ सोडून ती करतात. तिचा शोध डेगुसा या जर्मन कंपनीतील हॅरी क्लोप्फर यांच्या नावे असून त्याचा काळ १९४२ च्या सुमाराचा धरतात. ही सिलिका इतकी हलकी असते की लिटरभर मापाचे वजन जेमतेम ५० ग्रॅम भरते आणि पोते उघडताच ती धुरासारखी वर येते. दोन्ही प्रकारांतील मूळ कण काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर आकाराचे असतात. ते सुटे मात्र कधीच सापडत नाहीत. ते एकमेकांना जुळून फांद्या फुटलेल्या साखळ्या होतात आणि साखळ्या गुंतून काही मायक्रॉनांचे सैल पुंजके बनतात. एका ग्रॅमचे पृष्ठफळ अनेकदा १५० ते २०० चौरस मीटर किंवा त्याहूनही जास्त भरते.

पावडर का आवळते? गुठळ्यांचा दोष सगळेच दमट हवेला देतात. तो खरा असला तरी अपुरा आहे. धुण्याच्या पावडरीत सोडा अ‍ॅश, सोडियम सल्फेट यांसारखे क्षार असतात आणि ते पाणी स्फटिकजल म्हणून बांधून घेतात. १०० ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेटाचे (म्हणजेच सोडा अ‍ॅशचे) पूर्णपणे धुण्याच्या सोड्यात रूपांतर व्हायला सुमारे १७० ग्रॅम पाणी लागते. या दोन्ही क्षारांच्या दहा जलरेणूंच्या स्फटिकांची एक खोड आहे. सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या वर ते टिकत नाहीत. आपल्याच पाण्यात काही अंशी विरघळतात. पोते दिवसा तापले की दाण्यांच्या पृष्ठभागावर संपृक्त द्रावणाचा पातळ थर सुटतो. रात्री निवल्यावर त्यातून नवे स्फटिक वाढतात आणि शेजारशेजारच्या दाण्यांमध्ये पूल बांधतात. असे काही दिवस चालले की पोत्याच्या तळाशी, जिथे वरचा भार सर्वांत जास्त, तिथे फोडावीच लागेल अशी ढेप होते. बाहेरून थेंबभर पाणी न येताही हे घडू शकते.

दुसरे कारण पृष्ठक्रियाकारकांचे, म्हणजे मळ सोडवणाऱ्या साबणासारख्या घटकांचे. त्यांतले अनायनी (नॉन-आयॉनिक, विद्युत्‌भार नसलेले) पृष्ठक्रियाकारक बहुधा द्रव किंवा मेणचट असतात. ते दाण्यात मुरवलेले असले तरी उष्णतेने व दाबाने हळूहळू बाहेर पाझरतात. अशी पावडर मुठीत घट्ट दाबून मूठ उघडली, तर तिचा मुटका तसाच राहतो, त्यावर बोटांचे ठसेही उमटलेले दिसतात. चांगली पावडर बोटांमधून निसटून जाते. स्फटिकांचे पूल आणि द्रवाचा चिकटपणा ही दोन वेगळी दुखणी आहेत. सिलिका पहिल्यावर थोडी आणि दुसऱ्यावर पुष्कळ लागू पडते.

सिलिका नेमके काय करते, याविषयी मतभेद आहेत. सर्वांत रूढ समजूत अशी की, ती ओलावा ओढून घेते आणि पावडर कोरडी ठेवते. ही समजूत सिलिका जेलवरून आली असावी. वॉल्टर पॅट्रिक यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जेल करण्याची पद्धत विकसित केली आणि पुढे वस्तूंच्या खोक्यांत ठेवायच्या शोषक पुड्यांमुळे सिलिका म्हणजे ओल टिपणारी वस्तू हे समीकरण पक्के झाले. या मताला रासायनिक आधार आहे. सिलिकेच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात, पूर्ण जलयुक्त पृष्ठभागावर दर चौरस नॅनोमीटरला ४ ते ५, आणि त्यांना पाण्याचे रेणू सहज चिकटतात.

परंतु प्रमाणाचा हिशेब मांडला की हे मत लंगडे पडते. एक किलो पावडरीत १ टक्का म्हणजे १० ग्रॅम सिलिका आहे असे धरू. तिने अगदी आपल्या वजनाच्या तिसऱ्या भागाइतके पाणी धरले, असा उदार अंदाज घेतला, तरी ते ३ ते ४ ग्रॅमच होते. त्याच पावडरीत २०० ग्रॅम सोडा अ‍ॅश असेल, तर त्याची भूक ३४० ग्रॅम पाण्याची आहे. शिवाय अवक्षेपित सिलिका विकत मिळते तेव्हाच तिच्यात काही टक्के ओलावा असतो. इतक्या थोड्या सिलिकेने सगळी पावडर कोरडी राहत असेल, असे मानणे कठीण आहे. उघड्या ठेवलेल्या पुड्याला सिलिका वाचवू शकत नाही. ते काम वेष्टनाचे.

दुसरे जुने स्पष्टीकरण गोळ्यांच्या बेअरिंगचे. सिलिकेचे कण दाण्यांखाली गडगडतात आणि दाणे घसरतात, असे ते सांगते. उपमा मनात चटकन बसते; पण सिलिकेच्या फांद्यांसारख्या साखळ्यांना गोळ्या म्हणणे ओढूनताणूनच होईल.

तिसरे मत अंतराचे. दोन पृष्ठभाग अगदी भिडले की व्हॅन डर वाल्स आकर्षण (रेणूरेणूंमधील क्षीण ओढ) त्यांना जखडते. गोलाकार कणांमधील हे आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. दाण्यांवर सिलिकेचे नॅनो उंचवटे बसले की ते अंतर राखतात आणि पकड ढिली होते. बारीक चूर्णांवरील प्रयोगांत याला चांगली पुष्टी मिळाली आहे. चूर्णाचा कण लहान झाला की त्याचे वजन व्यासाच्या घनाने घटते, आकर्षण मात्र व्यासाच्या प्रमाणातच. म्हणजे दहापट लहान कण दहापट कमी आकर्षणाचा, पण हजारपट कमी वजनाचा असतो. तो चिकटतो तो यामुळे. मात्र प्रक्षालकाचे दाणे शेकडो मायक्रॉनांचे असतात. त्यांना स्वतःच्या वजनाने ओघळायला हे आकर्षण सहसा आड येत नाही. म्हणून पीठासारख्या चूर्णांवरचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावणे सयुक्तिक नाही.

प्रक्षालकांपुरते बोलायचे, तर चौथे मत अधिक ग्राह्य वाटते. सिलिका इथे मुख्यतः पाणी नव्हे, तर पाझरलेले पृष्ठक्रियाकारक टिपते. तिच्या पुंजक्यांमधील पोकळ्या केशाकर्षणाने तो द्रव आत ओढतात आणि चिकट दाण्यावर कोरडे आवरण चढते. पावडर ‘कोरडी’ राहते ती या अर्थाने. अंतर राखण्याचा परिणाम त्याच्या जोडीला असतो, विशेषतः दाण्यांबरोबर आलेल्या बारीक भुकटीवर. दाणे एकमेकांना कमी ठिकाणी भिडत असल्यामुळे स्फटिकांचे पूलही उशिरा आणि कच्चे होतात, पण थांबत नाहीत.

शोषणाची ही क्षमता साध्या प्रयोगात दिसते. भांड्यात वाहक प्रतीची अवक्षेपित सिलिका घेऊन तीवर द्रव पृष्ठक्रियाकारक थोडे थोडे घालत ढवळावे. सिलिकेच्या वजनाइतका द्रव जिरतो, मग दीडपट जिरतो; चांगल्या प्रतीत दुपटीच्या आसपास गेल्यावरही हाताला पावडरच लागते. मग पोकळ्या भरतात आणि शेवटच्या थोड्या थेंबांत सारे एकदम ओलसर गोळा होऊन चमच्याला चिकटते. ही सीमा इतकी अचानक येते की कारखान्यात तिच्या बरेच अलीकडे थांबतात.

मिसळण्याच्या क्रमाला म्हणूनच फार महत्त्व आहे. द्रव आधी फवारून मुरू द्यायचा आणि सिलिका शेवटी, हलक्या हाताने घालायची. ती आधी घातली, तर द्रवाने भरून जाते आणि आवरणासाठी काही उरत नाही. फार वेळ घुसळली, तर पुंजके दाण्यांच्या खाचांत दाबले जाऊन निकामी होतात. कमी घुसळली, तर ते फुटत व पसरत नाहीत. दाणे जितके बारीक, तितकी सिलिका जास्त लागते, कारण व्यास निम्मा झाला की तेवढ्याच वजनाचे पृष्ठफळ दुप्पट होते. आवरण पुरे झाल्यावर आणखी घातलेली सिलिका उपकारक नसते. ती सुटी राहून धूळ उडवते आणि पावडरीची घनता घटवते.

परिणाम मोजण्यासाठी विश्रामकोन (ओतलेल्या पावडरीच्या ढिगाचा उतार), नरसाळ्यातून वाहण्याचा वेळ, तसेच ठोकून बसवलेल्या व सैल घनतेचे गुणोत्तर वापरतात. हे गुणोत्तर १.२५ च्या आत असले तर प्रवाह ठीक, १.४ च्या वर गेले तर पावडर चिकट समजतात. अँड्र्यू जेनिके यांनी १९६४ मध्ये मांडलेली कर्तन-कोशिकेची (दाबलेली पावडर आडवी सरकवायला किती बल लागते ते मोजणारी) पद्धत अधिक विश्वसनीय आहे, पण वेळखाऊ. प्रक्षालक उद्योगात त्याहून सोपी कसोटी चालते. पावडर नळकांड्यात ठराविक भाराखाली दाबून तिची वडी करतात, नळकांडे काढून घेतात आणि वडी किती वजनाने कोसळते ते पाहतात.

धुण्याच्या पाण्यात या सिलिकेचा उपद्रव फारसा नाही. लिटरमागे ५ ग्रॅम पावडर आणि तीत १ टक्का सिलिका धरली, तर पाण्यात ५० मिलिग्रॅम सिलिका येते. अस्फटिकी सिलिकेची विद्राव्यता साध्या तापमानालाच लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या वर असून पीएच १० कडे गेला की आणखी वाढते. श्वसनाच्या बाबतीत अस्फटिकी व स्फटिकी सिलिका यांत काटेकोर भेद केला पाहिजे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे जाणारी स्फटिकी सिलिका कर्करोगकारक ठरवून पहिल्या गटात, तर अस्फटिकी सिलिका वर्गीकरण करता न येणाऱ्या तिसऱ्या गटात घातली. तरीही अस्फटिकी सिलिकेची धूळ डोळे व घसा कोरडे पाडते. पोती रिकामी करणाऱ्यांना मुखपट्टी व हवा खेचण्याची सोय हवीच.

जलविरोधी केलेली सिलिका प्रवाहसाहाय्यक म्हणून प्रक्षालकांना सहसा सोयीची नाही, कारण तिचे आवरण पावडर भिजायला अडथळा करते. सिलिकोन तेलात मिसळून फेसरोधक म्हणून मात्र ती वापरतात. गुठळीरोधक म्हणून सिलिकेऐवजी झिओलाइट ए (सच्छिद्र सोडियम ॲल्युमिनियम सिलिकेट) हेही चालते. त्याची शोषणक्षमता कमी असल्याने ते अधिक प्रमाणात घालावे लागते, पण पाण्याचा जडपणाही तेच घालवते.