न उडणारं डीएमएफ आणि रबाळ्याचा मे महिना

रबाळ्याच्या एमआयडीसीत सिंथेसिस लॅबमधली मे महिन्यातली दुपार. रोटाव्हॅप (कमी दाबाखाली फ्लास्क फिरवत द्रावक उडवणारं यंत्र) तासभर फिरतोय, त्याचा गरम पाण्याचा बाथ साठ अंशांवर आहे, आणि आरबीच्या, म्हणजे गोल बुडाच्या फ्लास्कच्या, तळाशी काकवीसारखं क्रूड (अजून शुद्ध न केलेलं प्रॉडक्ट) तसंच लोळतंय. एनएमआर (नमुन्यात काय काय आहे ते आलेखावरच्या पीकमधून दाखवणारी चाचणी) काढावा तर 2.9 च्या आसपास जोडीनं दोन पीक आणि 8 ला एक. म्हणजे अभिक्रियेसाठी वापरलेलं द्रावक डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) अजून मुक्कामाला आहेच.

हे द्रावक उकळतं 153 अंशांना, त्याचं भावंड डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) 189 ला. डीएमएसओ 1860 च्या दशकात रशियन रसायनज्ञ झाइत्सेव यांनी बनवलं, पण पुढे शतकभर त्याला फारसं कुणी विचारलं नाही. डीएमएफचं नशीब 1940 च्या दशकात उघडलं, ते कापडामुळे. अ‍ॅक्रिलिक धागा काढायचा तर त्याचं पॉलिमर विरघळवणारं काहीतरी हवं होतं, आणि ते काम डीएमएफनं केलं. लॅबमध्ये या मंडळींचा जम बसला तो 1960 च्या दशकात. ऑस्ट्रेलियाच्या ए. जे. पार्कर यांनी दाखवून दिलं, की ही द्रावकं धन आयनाला धरून ठेवतात आणि ऋण आयनाला मोकळं सोडतात. त्यामुळे मिथेनॉलमध्ये रखडणाऱ्या काही अभिक्रिया इथे दहा लाख पट वेगानं होतात. वेगाची किंमत मात्र वर्कअपला, म्हणजे अभिक्रियेनंतर प्रॉडक्ट वेगळं काढताना, मोजावी लागते.

रोटाव्हॅप त्याआधीचा. 1950 मध्ये न्यूयॉर्कच्या लायमन क्रेग यांनी फिरत्या फ्लास्कची कल्पना मांडली, 1957 मध्ये स्विस ब्युखी कंपनीनं तो बाजारात आणला. दाब कमी केला की द्रावक कमी अंशांना उकळतं; त्या व्हॅक्युमसाठी तेव्हा सर्रास नळावरचा वॉटर पंप लावत. खरी मेख इथेच आहे. वॉटर पंप पाण्याच्या स्वतःच्या बाष्पदाबाखाली (त्याच्याच वाफेच्या दाबाखाली) जाऊच शकत नाही. पाणी 15 अंशांचं असेल तर 17 मिलिबार मिळतात आणि डीएमएफ पन्नाशीत उकळतं. गच्चीवरच्या टाकीत तापून 30 अंशांवर आलेल्या पाण्यानं 42 च्या खाली काटा सरकत नाही, आणि तेवढ्या दाबाला डीएमएफ सत्तरी गाठल्याशिवाय हलत नाही. युरोपातल्या प्रोसिजरमध्ये बिनधास्त लिहिलेलं ‘द्रावक उडवलं’ आपल्याकडे अडतं ते इथे. बाथ आणखी तापवावा, तर क्रूडमध्ये बेस (अल्कली) राहिला असल्यास डीएमएफ फुटून डायमिथाइलअमाइन निघतं आणि लॅबभर सुक्या मासळीचा वास.

म्हणून जुने लोक उडवण्याऐवजी धुवायला सांगतात: इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये घ्या, चार-पाच वेळा पाण्यानं किंवा पाच टक्के लिथियम क्लोराइडनं धुवा, शेवटी ब्राइननं, म्हणजे मिठाच्या संपृक्त पाण्यानं. प्रॉडक्ट पाण्यात जाणारं असेल तर हा मार्ग बंद. मग हेप्टेन किंवा टोल्युइन घालून पुन्हापुन्हा स्ट्रिप करायचं (त्याच्यासोबत डीएमएफही उडवायचं), नाहीतर पाणी घालून लायोफिलायझरवर, म्हणजे गोठवून सुकवणाऱ्या यंत्रावर. डीएमएसओ 18.5 अंशांनाच गोठतं. एसी 16 वर ठेवून गेलेल्यांना सोमवारी बाटली दगड झालेली सापडते.

1997 मध्ये औषधांतल्या अवशिष्ट द्रावकांवर आयसीएच या औषधनियमांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि डीएमएफला 880 पीपीएमची (दहा लाखांत 880 भाग) मर्यादा पडली. तेव्हापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औषध कंपन्यांत हा विषय फक्त आर अँड डीच्या कटकटीचा उरला नाही, क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, जीसीपर्यंत (द्रावकाचा अंश मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफपर्यंत) गेला.

आता बहुतेक ठिकाणी पाण्याविना चालणारे डायफ्रॅम पंप आणि थंड करणारे चिलर आहेत. आमच्याकडे एक जुना फिरत्या पाण्याचा पंप अजून चालू आहे. मे महिन्यात रोज सकाळी त्याच्या टाकीत बर्फाची अर्धी लादी पडते.